म्हणे, पण आणि च: एमबीए प्रवेशाच्या इंग्रजीची तयारी, इंदूरच्या मराठी घरातून

दर जूनमध्ये आमच्या सुदामा नगरच्या घरी कुणाचा ना कुणाचा मुलगा किंवा मुलगी येऊन बसते. बी.कॉम. नाहीतर इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, पिशवीत खजुरी बाजारातून आणलेली व्याकरणाची दोन जाडजूड पुस्तकं, आणि तोंडी एकच वाक्य: "काकू, माझं इंग्लिश कच्चं आहे."

मी पुस्तकं बाजूला ठेवायला सांगते आणि कोरा कागद देते. स्वतःबद्दल इंग्रजीत दहा वाक्यं लिही म्हणते. मग जिथं चुकलंय तिथं लाल पेन न चालवता शेजारी विचारते, "हे मनात मराठीत काय होतं?" गंमत अशी, की दहापैकी सात-आठ चुकांच्या पोटात एक अगदी शुद्ध मराठी वाक्य निघतं. म्हणजे इंग्रजी कच्चं नसतं, मराठी पक्की असते आणि ती मध्ये बोलत असते. (इंदूरला हिंदीही बोलते, पण तिच्या खोड्या बहुतेक मराठीसारख्याच.) म्हणून खाली जे सांगतेय ते सगळं या एकाच गोष्टीवर उभं आहे: मराठीला गप्प बसवू नका, तिलाच तपासनीस करा.

आधी परीक्षा कोणती ते ठरवा

हे न ठरवता व्याकरणाला लागलात तर दोन महिने पाण्यात जातील. कॅटमध्ये (आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीएची प्रवेश परीक्षा) हल्ली थेट व्याकरणाचा प्रश्न येत नाही. पेपर १२० मिनिटांचा, तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. एका विभागातून दुसऱ्यात मागेपुढे जाता येत नाही. इंग्रजीचा विभाग पहिला. अलीकडच्या वर्षांत त्यात २४ प्रश्न आलेत: चार उतारे, प्रत्येकावर चार म्हणजे १६, आणि उरलेले आठ परिच्छेदांशी खेळायचे. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला १ वजा. जिथं पर्याय नसतात आणि उत्तर टाइप करायचं असतं तिथं चुकीला वजा काही नाही. (ही परीक्षा आधी तीन तासांची होती. २०२० मध्ये, कोविडच्या वर्षी, आपल्या आयआयएम इंदूरकडे ती घ्यायची पाळी आली आणि ती दोन तासांची झाली. तेव्हापासून तशीच आहे.)

बाकीच्या प्रवेश परीक्षांचं निराळं. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न १५० मिनिटांत, त्यातले ५० इंग्रजीचे, चुकीला वजा नाही. इथं व्याकरण सरळसरळ विचारतात. पुण्याला मामाकडे राहून शिकायचा बेत असलेली आपली बरीच मुलं ही परीक्षा देतातच. एनमॅटमध्ये इंग्रजीचे ३६ प्रश्न २८ मिनिटांत, वजा नाही, पण मागे वळून उत्तर बदलता येत नाही. स्नॅपमध्ये एका तासात ६० प्रश्न, इंग्रजीचे १५. सीमॅटमध्ये इंग्रजीचे २०, बरोबरला ४, चुकीला १ वजा. आणि परदेशी एमबीएसाठी कुणाचं जीमॅट परीक्षेकडे लक्ष असेल तर जुनी पुस्तकं विकत घेऊ नका: २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती आली त्यात वाक्य दुरुस्त करायचे प्रश्न काढूनच टाकले.

हे आकडे बदलतात. त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, भंवरकुआंच्या चहाच्या टपरीवर ऐकलेलं धरून चालू नका.

नुसतं कॅट द्यायचं असलं तरी पुढचा व्याकरणाचा भाग गाळू नका. जो काळ आणि जी शब्दयोगी अव्ययं लिहिताना चुकतात, तीच वाचताना निसटतात.

तीन रकान्यांची वही

शंभर पानी साधी वही घ्या. डावीकडे तुमचं चुकलेलं वाक्य, मध्ये बरोबर वाक्य, उजवीकडे ज्या मराठी वाक्याने तुम्हाला तिथं नेलं ते. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही. नियमाचं नाव लिहिलं नाही तरी चालेल. मराठी वाक्य लिहिलंच पाहिजे, कारण पुढच्या वेळी मनात नियम येत नाही, तेच वाक्य येतं. तेव्हा ते ओळखीचं वाटलं पाहिजे.

या वहीत वर्षानुवर्षं जे येतं त्यातलं मुख्य सांगते.

पहिलं, 'पासून'. मराठीत "दहा वर्षांपासून राहतो" आणि "२०१५ पासून राहतो", दोन्हीकडे पासूनच. त्यातून "आय ॲम लिव्हिंग इन इंदोर सिन्स टेन इयर्स" जन्माला येतं, आणि त्यात एक नाही, दोन चुका आहेत. इंग्रजीला किती काळ हे सांगायचं तर 'फॉर' आणि कधीपासून हे सांगायचं तर 'सिन्स' लागतं. शिवाय तेव्हा सुरू झालेलं अजून चालू आहे हे क्रियापदात दिसावं लागतं: "आय हॅव बीन लिव्हिंग इन इंदोर फॉर टेन इयर्स." आपण "राहतो" एवढ्यावर भागवतो, इंग्रजी भागवत नाही.

त्याचा धाकटा भाऊ म्हणजे 'काल'. "मी तो सिनेमा काल पाहिला आहे" हे आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत 'यस्टरडे' आला की 'हॅव सीन' चालत नाही, 'सॉ' हवं. ठरावीक वेळ सांगितली की 'हॅव' गेलं, एवढं धरून ठेवा.

दुसरं, पोहे आणि जिलबी. "मी पोहे खाल्ले", "मी जिलबी खाल्ली". खाणारा तोच, क्रियापद मात्र बशीत काय आहे त्यावर बदललं. आपल्या कानाला ही सवय आहे, की क्रियापद जवळच्या नामाकडे बघतं. परीक्षक नेमका तिथंच गळ टाकतो. "द लिस्ट ऑफ सिलेक्टेड स्टुडंट्स हॅव बीन पुट अप" वाचताना कान अडखळत नाही, कारण 'स्टुडंट्स' शेजारी बसलेत. पण लावली आहे ती यादी, मुलं नव्हेत, म्हणून 'हॅज'. 'ऑफ', 'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज' यांच्यामागून येणारं सगळं पेन्सिलीने कंसात टाका आणि मग क्रियापद निवडा. "वन ऑफ माय फ्रेंड्स" मध्ये मित्र अनेक, पण क्रियापद त्या एकाचं.

तिसरं माझं आवडतं. "रस्त्याने चालताना माझी चप्पल तुटली." यात मराठी माणसाला काही वावगं दिसणार नाही, चालत कोण होतं हे सगळ्यांना कळतं. हेच "वॉकिंग ऑन द रोड, माय स्लिपर ब्रोक" असं केलंत तर इंग्रजीत चप्पल एकटीच फिरायला निघाली असा अर्थ होतो. स्वल्पविरामाआधी 'इंग'वाला तुकडा आला की स्वल्पविरामानंतरचं पहिलं नाम तेच काम करणारं हवं. ही एक गोष्ट पक्की झाली तर वाक्य सुधारण्याच्या प्रश्नांत चारातले एक-दोन पर्याय न वाचताच कटतात.

चौथं, दुसऱ्याचं बोलणं सांगणं. आपण सरळ सांगतो: "दादा म्हणाला, की मी उद्या येतो." इंग्रजीत 'सेड दॅट' आणि पुढे 'आय विल कम' ठेवलंत तर येणार तुम्ही, दादा नाही. 'ही वुड कम', आणि 'टुमॉरो'च्या जागी 'द नेक्स्ट डे'. इथं मराठी ज्याचं बोलणं त्याच्या जागी उभी राहते, इंग्रजी सांगणाऱ्याच्या जागी.

'अ' आणि 'द' बद्दल मुलं फार घाबरतात. मराठीत ते नाहीत असं शाळेत सांगितलेलं असतं. पण आजीची गोष्ट आठवा: "एक राजा होता. तो राजा..." पहिल्यांदा 'एक', ओळख झाल्यावर 'तो'. मनात 'एक' किंवा 'कुठलातरी' बसत असेल तर 'अ', 'तो, ती, ते' बसत असेल तर 'द', दोन्ही बसत नसेल तर बहुधा काहीच नको. नद्यांची नावं, 'द रिच' यांसारखे अपवाद पाठ करावे लागतात. आणि 'ॲन' स्पेलिंग बघून नाही, उच्चार ऐकून: 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

उरलेलं झटपट. आपले केस, सल्ले, बातम्या अनेकवचनी असतात. इंग्रजीत 'हेअर', 'ॲडव्हाइस', 'न्यूज' एकवचनी, म्हणून "माय हेअर्स आर फॉलिंग" नाही. 'विषयावर चर्चा' असली तरी 'डिस्कस'नंतर 'ऑन' किंवा 'अबाउट' काही येत नाही. 'त्याच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ' नाही, 'मॅरीड टू'. 'माझ्यापेक्षा सीनियर' म्हणून 'सीनियर दॅन' नाही, 'सीनियर टू'. 'मला माहीत आहे' मधल्या 'आहे'मुळे 'आय ॲम नोइंग' नाही. आणि 'अ फ्यू' म्हणजे थोडे आहेत, पण नुसतं 'फ्यू' म्हणजे फारसे नाहीत. ही शेवटची जोडी उताऱ्यात लेखकाचा सूर फिरवते, म्हणून तिच्याखाली रेघ मारा.

वाचन: इथं वेळ द्या

मुलांची पहिली तक्रार शब्दांची असते. माझा अनुभव वेगळा आहे: शब्द अडत नाहीत, वाक्य अडतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत सगळं हातात धरून थांबायची आपल्याला सवय. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद जवळ असतात, आणि लांब वाक्यात त्यांच्यामध्ये पाहुणे घुसतात. हे बघा: "द बिलीफ दॅट सिटीज ग्रो रिच बिकॉज दे आर क्लीन, व्हिच मेनी प्लॅनर्स स्टिल होल्ड, इज मिसटेकन." पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत बसवा. घरात उरतं काय? "द बिलीफ इज मिसटेकन." समजूत चुकीची आहे. कसली समजूत, कोणाची, हे नंतर. पहिले पंधरा दिवस रोज फक्त दहा लांब वाक्यं घेऊन एवढंच करा. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

मग उताऱ्याकडे या. कॅटचा उतारा साधारण पाचशे शब्दांच्या आसपास असतो, विषय कुठलाही: पक्षी, कररचना, वसाहतींचा इतिहास, भाषाशास्त्र. विषयाची माहिती असण्याची गरज नाही. माहिती असली तर उलट जपून, ते पुढे सांगते.

वाचताना समासात तीन मराठी शब्द लिहायचे. आमच्याकडे येणाऱ्या पोरांनी त्याला 'काकूचा मंत्र' म्हणून हसून घेतलंय, पण लिहितात.

पहिला शब्द 'म्हणे'. मराठीसारखं सोयीचं अव्यय इंग्रजीत नाही. "तो म्हणे अमेरिकेला जाणार" म्हटलं, की हे माझं मत नाही हे एका शब्दात उरकतं. इंग्रजी लेखक तेच लांबून सांगतो: 'क्रिटिक्स अर्ग्यू', 'इट इज ऑफन क्लेम्ड', 'सपोजेडली', 'द कन्व्हेन्शनल व्ह्यू'. अशा प्रत्येक वाक्यासमोर 'म्हणे' लिहा. कित्येकदा पहिला अख्खा परिच्छेद म्हणेचा निघतो आणि लेखक तोंड उघडतो दुसऱ्यात. "लेखक कशाशी सहमत होईल?" या प्रश्नात एक पर्याय हमखास म्हणेतून उचललेला असतो.

दुसरा 'पण'. 'हाउएव्हर', 'येट', 'स्टिल', 'नेव्हरदलेस' किंवा वाक्याच्या सुरुवातीला 'व्हाइल' दिसलं, की समासात 'पण' लिहा आणि तिथं वेग कमी करा. लेखकाचं खरं म्हणणं बहुधा पणच्या पुढच्या बाजूला असतं. 'व्हाइल'मध्ये मात्र पण पुढच्या अर्ध्या वाक्यात असतो, हे विसरू नका.

तिसरा 'च', हा पर्यायांसाठी. पर्याय मराठीत म्हणून बघा. 'ओन्ली', 'ऑल', 'नेव्हर', 'सोल', 'इन्व्हेरिएबली' यांचं मराठी करताना 'च' लागतोच: यामुळेच, सगळेच, कधीच नाही. आता उताऱ्यात तो च होता का ते बघा. नसेल तर पर्याय गेला. उताऱ्यात 'ही' होता (यामुळेही) आणि पर्यायात 'च' आला, हा या परीक्षेचा सर्वात जुना डाव.

एक उदाहरण माझ्याकडून. समजा उतारा असा आहे: शहरांच्या स्वच्छतेची क्रमवारी लावली की महापालिका कामाला लागतात, असं मानलं जातं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण क्रमवारीत जे मोजता येतं तेच मोजलं जातं. किती टन कचरा उचलला हे मोजता येतं, तो उचलणाऱ्याच्या हातात मोजे होते का हे मोजणं अवघड. त्यामुळे क्रमवारीत वर असलेल्या शहराने स्वतःला काही वेगळे प्रश्नही विचारले पाहिजेत.

प्रश्न: लेखकाचं मुख्य म्हणणं काय? पर्याय अ: क्रमवारीमुळे महापालिका कार्यक्षम होतात. ब: क्रमवारी निरुपयोगी आहे, कारण ती कामगारांकडे दुर्लक्ष करते. क: क्रमवारी उपयोगी असली तरी तिच्या मोजमापाबाहेर काही महत्त्वाचं राहून जातं. ड: क्रमवारीत पहिल्या आलेल्या शहरात नागरिकांचा सहभाग मोठा असतो.

आता आपली पोरं काय करतात सांगू? इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं आलेलं. ओला-सुका कचरा वेगळा करायचं आपल्या घरातल्या लहान मुलालाही कळतं. त्यामुळे ड वाचताच "अरे भिया, हे तर शंभर टक्के खरं!" खरं असेलही, पण उताऱ्यात नागरिकांचा उल्लेखच नाही. जे खरं आहे ते उत्तर नव्हे. उताऱ्यात आहे ते उत्तर. अ म्हणेतून आला आहे. लेखक तो अर्धा मान्य करतो, पण तिथं थांबत नाही. ब मध्ये न दिसणारा च आहे: 'उपयोगी नाहीच'. उरला क. म्हणून म्हटलं, विषय ओळखीचा असला की जास्त जपून.

उतारा संपल्यावर प्रश्न बघण्याआधी पान झाकून दोन वाक्यांत मराठीत सांगा, मोठ्याने. घरच्या मराठीत. "उक्त लेखकाने सदर बाबीचे विवेचन केले आहे" असं काही निघालं तर समजा, की समजलेलं नाही. आजीला सांगितल्यासारखं निघालं पाहिजे: "तो म्हणतो, नंबर येतो ते ठीक, पण नंबरात सगळं दिसत नाही." परीक्षेत मोठ्याने बोलता येत नाही, पण ऑगस्टपर्यंत रोज केलंत तर नोव्हेंबरात ते मनातल्या मनात आपोआप होतं.

"मराठीत भाषांतर करत बसलं तर वेळ जाईल" असं क्लासमध्ये सांगतात. बरोबर आहे, शब्दाला शब्द लावलात तर जाईल. मी भाषांतर सांगत नाहीये, सार सांगतेय.

वाचायला काय? एखाद्या चांगल्या इंग्रजी दैनिकाचं संपादकीय पान रोज, आणि आठवड्यातून तीन लांब निबंध. एऑन या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात आणि कॅटच्या उताऱ्यांच्या वळणाचे असतात. घरात टीव्ही चालू असेल तर अहिल्या पुस्तकालयात जाऊन बसा. आवडीचाच विषय निवडू नका. ज्या लेखाचं शीर्षक बघून जांभई येते तो आधी.

परिच्छेद जोडणं

उलटसुलट दिलेली वाक्यं लावायच्या प्रश्नात पहिलं वाक्य शोधत बसू नका, जोड्या शोधा. 'धिस', 'सच', 'दीज' ने सुरू होणारं वाक्य 'हा, असा, या' आहे. हा म्हणजे कोण, हे आधीच्या वाक्यात असणारच. नाव पूर्ण असलेलं वाक्य आधी, नुसतं आडनाव किंवा इंग्रजी 'ही' (म्हणजे तो) असलेलं नंतर. 'एक राजा, तो राजा' इथंही चालतं: 'अ थिअरी' आधी, 'द थिअरी' नंतर. उत्तर टाइप करायचं असेल आणि वजा गुण नसेल तर रिकामं सोडून येऊ नका. पण अशा एका प्रश्नावर तीन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. तेवढ्यात एका उताऱ्याचं निम्मं वाचून होतं.

शब्द

कॅटसाठी शब्दांच्या याद्या पाठ करण्याच्या मी विरुद्ध आहे. वाचनात तीनदा भेटलेला शब्द वहीत, ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट. एनमॅट किंवा जीआरई (परदेशी शिक्षणासाठीची परीक्षा) असेल तर मात्र याद्याही कराव्या लागतात, तिथं नाइलाज आहे. आपल्याकडचं खास इंग्रजी वेगळं काढून ठेवा: 'कझिन ब्रदर', 'रिव्हर्ट बॅक', 'कॉलेजमधून पास आउट झालो'. बोलताना बिनधास्त वापरा, पेपरात नको.

वेळापत्रक

कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटी होते, अर्ज ऑगस्टपासून सुरू होतात. जून-जुलै: रोज तास-सव्वा तास, अर्धा वहीला, अर्धा लांब वाक्यांना आणि एका उताऱ्याला, घड्याळ न लावता. घड्याळ लवकर लावणं ही सर्वांत मोठी घाई. न समजता वेगाने वाचायची सवय लागली की मग सुटता सुटत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर: रोज दोन उतारे, प्रत्येकाला प्रश्नांसकट दहा मिनिटं, हळूहळू आठवर आणा. चार उताऱ्यांची ३२ मिनिटं आणि बाकी आठ प्रश्नांना आठ, असा हिशेब बसतो. बहुतेकांना चारही उतारे झेपत नाहीत. तीन नीट सोडवून चौथ्याचे सोपे प्रश्न उचलणं हे लाजिरवाणं नाही. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत चारही उताऱ्यांच्या पहिल्या तीन ओळी वाचून क्रम ठरवा.

ऑक्टोबरपासून आठवड्याला एक पूर्ण सराव परीक्षा, ज्या वेळी खरा पेपर असेल त्या वेळीच, मोबाइल दुसऱ्या खोलीत. तीही पोहे खाऊन लगेच नको, झोप येते. पेपर दोन तासांचा आणि तपासणी तीन तासांची असली पाहिजे. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर एकच शब्द लिहा: म्हणे, पण, च, पाहुणे, की घड्याळ. बरोबर आलेले, पण अंदाजाने टिचकी मारलेले प्रश्नही चुकलेल्यांत धरा. तीन परीक्षांनंतर कुठला शब्द सर्वांत जास्त वेळा आला ते मोजा. पुढचे दहा दिवस तेवढ्यावरच काम करायचं.

आज रविवार असेल तर दहा वाक्यांचा कागद आजच लिहा, स्वतःबद्दल, कुणाला न विचारता. उद्या सकाळी तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात.